सोनिवलीचे खांब, मांजर्लीचं वाचनघर

आमच्या मांजर्लीत विहाराशेजारी थोडी मोकळी जागा होती. पावसाळ्यात, वर्षावासाच्या दिवसांत, विहारात रोज संध्याकाळी ग्रंथवाचन चालतं. एकजण वाचतो, बाकीचे ऐकतात. आत जागा पुरली नाही की माणसं बाहेर छत्र्या उघडून उभी राहायची. म्हणून त्या जागेत बसायला-वाचायला काहीतरी बांधायचं कमिटीने ठरवलं. मी आर्किटेक्ट आणि त्याच गल्लीत वाढलेली. काम माझ्याकडे येणार हे मला विचारण्याआधीच ठरलं होतं.

"चार पाइप उभे करायचे, वर पत्रा टाकायचा," अध्यक्ष म्हणाले. मीही मान डोलावली.

त्याच सुमारास ऑफिसच्या कामासाठी मी सोनिवलीला गेले. तिथल्या एका शेतकरी काकांचं जुनं घर उतरवून इमारत उभी राहायची होती. कौलं काढून झाली होती आणि सागाचे खांब अंगणात आडवे पडले होते. मी प्लॉट मोजायला गेले होते, पण खांबांपाशीच बसून राहिले. प्रत्येक खांबाला भोकं, खाचा. एकावर कमरेच्या उंचीला सगळीकडून गुळगुळीत झिजलेला पट्टा.

"हे कशाने झिजलंय, काका?"

"त्यो घुसळखांब. आमच्या आयची ताकाची दोरी त्याला फिरायची."

आणि दुसऱ्यावरचं भोक? ते झोपाळ्याच्या कडीचं. तिसऱ्यावरची खाच कंदिलाची. एका खांबाला मात्र जमिनीपासून हातभर उंचीवर एक तिरकं भोक होतं. काका वाकून बघत राहिले. "ह्याचं काय ते नाय आठवत."

"ह्या खांबांचं काय करणार?"

"उल्हासनगरचा फर्निचरवाला नेतो म्हनतो."

"मला द्याल? वाचायला हवेत."

"लाकूड वाचायला?"

मी हसले. विहाराशेजारी काय बांधायचंय ते सांगितलं. "तुमच्या विहारात?" काकांनी विचारलं, आणि मी काही बोलायच्या आत म्हणाले, "न्या."

आता पाइप आणि पत्रा मागे पडले. पण खांब मिळाले म्हणून नकाशा होत नाही. मला प्रश्न पडला, माणसं ऐकायला बसतात कशी? म्हणून एका रविवारी मी त्या जागेवर चुन्याच्या फक्कीने रेषा मारल्या, खांबांच्या जागी बांबू रोवले आणि गल्लीतल्या लोकांना चहाला बोलावलं. वाचणाऱ्याची जागा मी बरोबर मधोमध ठेवली होती. रस्त्याचा त्रास नको म्हणून सगळ्यांची पाठ रस्त्याकडे.

सगळ्या म्हाताऱ्या आल्या आणि थेट बांबूंना टेकून बसल्या. बांबू कलंडले. मधे कुणीच बसेना. आणि पाठ रस्त्याकडे? पाच मिनिटांत सगळ्या फिरून रस्त्याकडे तोंड करून बसल्या.

"अगं, कोण आलं-गेलं दिसायला नको?" आई म्हणाली.

"पण तुम्ही ऐकायला बसणार ना?"

"ऐकायला कान लागतात. डोळ्यांनी काय करायचं तेवढा वेळ?"

मी घरी येऊन नकाशा पुन्हा काढला. खांब कडेने आणि जवळजवळ, म्हणजे जास्त जणांना टेकता येईल. वाचणारा विहाराच्या भिंतीला पाठ लावून. रस्त्याची बाजू पूर्ण उघडी. जोतं मात्र चांगलं उंच, कारण उल्हास नदी फुगली की आमच्या गल्लीत पाणी कुठवर चढतं ते भिंतींवरचे डाग सांगतातच. पुस्तकांची कपाटं तर मी तुळयांखाली, डोक्याच्या वर नेली. अध्यक्ष म्हणाले, "वाळवी लागली तर तू जबाबदार." म्हणून वाळवी मातीतून वर चढू नये अशा बेताने खांब जमिनीत न पुरता दगडी तळखड्यांवर उभे करायचे ठरवले.

काम सुरू झाल्यावर एके दिवशी काका काकूंना घेऊन आले. फाटकाशी थोडे घुटमळले. "चपला कुठं काढू?" त्यांनी विचारलं. आईने जागा दाखवली आणि पाणी आणायला गेली. काका एकेका खांबाला हात लावत ओळख पटवत होते. काकूंनी तर काही न शोधता त्या तिरक्या भोकात बोट घातलं.

"काकू, हे कशाचं होतं? काकांना आठवत नाही."

"त्यांना कसं आठवंल? ती खोली बाळंतिणीची. हितं खुंटी व्हती. उठताना हाताला धराया. माझी तिन्ही पोरं झाली तवा हिलाच धरून उठले मी."

काका भोकाकडे आणि मग बायकोकडे बघत राहिले. इतकी वर्षं त्या घरात राहून त्यांना हे माहीत नव्हतं. माझ्या मनात मात्र आमच्या गल्लीतल्या म्हाताऱ्या आल्या. वाचन संपलं की त्या एकमेकींच्या खांद्याला धरून, गुडघ्यांवर हात देत उठतात. दुसऱ्या दिवशी सुताराला सांगून त्या भोकात नवी खुंटी बसवली, आणि मग टेकायच्या प्रत्येक खांबाला तशीच एकेक.

यंदा वर्षावासाचं वाचन तिथे सुरू झालं. पुढे एका संध्याकाळी काका-काकू पुन्हा आले. काका जोत्याच्या कडेला पाय सोडून बसले, काकू आत जाऊन आईशेजारी. राजपुत्र घर सोडून निघतो तो भाग चालू होता. वाचनाच्या मधे आमच्याकडे सहसा कुणी बोलत नाही. काकूंना हे ठाऊक नव्हतं.

"पन त्याच्या बायकोला इचारलं का कुनी?" त्या मोठ्याने म्हणाल्या.

वाचणारे गुरुजी थांबले. निवृत्त शिक्षक, शिस्तीचे. मला वाटलं, आता रागावतात. पण त्याआधीच आई बोलली. "विचारलं तर! आपल्या ग्रंथात त्यानं स्वतः जाऊन विचारलंय."

"मग? काय म्हनली ती?"

"ते असं नाही कळायचं. आधी नदीच्या पाण्याचं भांडण कळायला पाहिजे, त्याच्यापायीच तर त्यानं घर सोडलं."

"पाण्याचं भांडन?" काका कडेवरून सरकत आत आले. "कुठल्या नदीचं?"

आईला धड दोन ओळी वाचता येत नाहीत. पण इतक्या वर्षांच्या ऐकण्यातून सगळं तोंडपाठ. दोन गावं, एक नदी, आधी पाणी कुणी घ्यायचं यावरून झालेली मारामारी, असं तिने पहिल्यापासून सांगायला घेतलं. मधेमधे काका विचारत होते, बांध कुणी घातला, वरच्या अंगाला कुणाची शेती. काही प्रश्नांना आई अडायची, तेव्हा दुसरी कुणीतरी पुढे सरसावायची. राजपुत्राच्या बायकोपाशी गोष्ट पोहोचायला बराच वेळ लागणार होता. गुरुजींनी पानात बोट घालून ग्रंथ मिटला आणि सरकून खांबाला टेकत ते ऐकायला लागले.