भुशाच्या कोठीसमोर दिलेला हुकूम

“डाउन!” मी ओरडले.

पाच वाजून त्रेपन्न मिनिटं झाली होती. भुशाच्या कोठीच्या भिंतीतून गांधीलमाश्यांचा लोट बाहेर पडला होता. हवालदार शेलार माझ्यापुढे बारा पावलांवर होते. हुकूम कानावर पडताच ते पालथे पडले. हात डोक्यावर, टाचा जमिनीला टेकलेल्या, ड्रिलमध्ये शिकवतात तसे. मीही पडले. ट्यूबवेलवरचा रामफल पडला नाही. तो फौजेत कधी नव्हता. तो पळाला, आणि पळता पळता त्याने माझी कॉलर धरून मला उठवलं.

“भाज ले, अम्मा! भाज!”

मी पळाले. हवालदार पडून राहिले.

हे दिल्लीत नजफगढच्या पुढे एका शेतावर घडलं. लोक मला फौजी म्हणतात. मी फौजी नाही. मी होमगार्डमध्ये वीस वर्षं काढली, शेवटी सेक्शन लीडर होते. शाळा चौथीपर्यंत. आमचे मालक, म्हणजे नवरा, सरकारी ऑफिसात शिपाई होते, म्हणून मी साताऱ्याहून दिल्लीला आले. ते गेल्यावर मुलगा नोकरीला लागला. त्याला आर. के. पुरमला क्वार्टर आहे. तिथे दिवसभर सुनेशी भांडत बसण्यापेक्षा मी या शेतावर गार्डची नोकरी धरली. सोमवार ते शनिवार शेतावर, रविवारी घरी.

माझ्यानंतर दोन वर्षांनी हवालदार शेलार आले. पायदळात चोवीस वर्षं, वय एकसष्ट, आमच्याच जिल्ह्यातले. हुद्द्याने ते माझ्या कितीतरी वर. पण मी आधी आले म्हणून शेतवाल्या चौधरींनी मला इन्चार्ज केलं होतं. हवालदारांनी पहिल्याच दिवशी सांगितलं, “पोस्ट तुमची, हुकूम तुमचा.” आणि तसंच वागले. रोज साडेपाचला फॉल-इन. मी हुकूम द्यायची. सावधान, विश्राम, मग डाउन, अप, डाउन. एकसष्टाव्या वर्षी तो माणूस माझ्या शब्दाबरोबर जमिनीवर असायचा.

रामफल चहा पीत बघायचा. “बुड्ढे-बुढ़िया की परेड,” म्हणायचा.

हवालदार मला चिडवायचे. “लीडर, तुमच्या फौजेत बंदूक होती का?”

“काठी होती. रोज चालवली. तुमची बंदूक किती वेळा चालली?”

“ते सिक्रेट आहे.”

भादव्यात कोठीच्या भिंतीत गांधीलमाश्या झाल्या. मोठ्या, तांबड्या, पोटावर पिवळा पट्टा. माझा नातू त्यांना ततैया म्हणतो, गांधीलमाशी हा शब्द त्याला येत नाही. रामफल भिरड़ म्हणायचा. एका दुपारी त्या म्हशीवर गेल्या. म्हैस दावं तोडून पळाली, नालीत पडली आणि पुढचा पाय मोडला. संध्याकाळपर्यंत ओरडत होती. मग जनावरांच्या डॉक्टरने सुई देऊन संपवली. चौदा म्हशी राहिल्या होत्या आणि त्यांचा सगळा भुसा त्या कोठीत. चौधरी म्हणाले, कोठी उघडा. फवारणीवाल्याला करोल बागेत फोन केला. तो म्हणाला, चार दिवसांनी येतो.

“त्याची गरज नाही,” हवालदार म्हणाले. “हे काम आपलं आहे.”

त्यांनी दोन दिवस टेहळणी केली. लिंबाखाली खुर्ची टाकून बसायचे, वहीत वेळा लिहायचे. भोक एकच, मुठीएवढं, छपराच्या खाली. प्लॅन असा होता: पंपाने आत पावडर मारायची, लगेच मातीने लिंपलेलं ओलं पोतं भोकात कोंबायचं, आणि मागे यायचं. वेळ, फर्स्ट लाइट.

मी विचारलं, “अंधार पडल्यावर का नाही?”

“हल्ला पहाटे करतात, लीडर. शत्रू झोपेत असतो.”

रामफल हसला. “फौजी, भिरड़ रात नै मार्या करैं.” गांधीलमाश्या रात्रीच मारायच्या असतात, असं तो सांगत होता. त्याच्या बापाने आणि आज्याने रात्रीच मारल्या होत्या.

“तू तुझा ट्यूबवेल चालव,” हवालदार म्हणाले. मीही त्यांचीच बाजू घेतली. चोवीस वर्षांची नोकरी समोर होती. ट्यूबवेलवाल्याचं कोण ऐकतं?

त्या दिवशी पाच चाळीसला फॉल-इन केलं. हवालदारांनी रेनकोट चढवला, तोंडाला टॉवेल गुंडाळला. फटी डोळ्यांपुरत्या. पाच पन्नासला वॉकीटॉकी वाजला.

“शेलार टू लीडर. पोझिशनवर. ओव्हर.”

“गो. ओव्हर.”

मी तीस पावलांवर होते, रामफल माझ्या मागे. त्यांनी पावडर मारली, पोतं कोंबलं, वर वीट दाबली.

“भोक बंद. चहा ठेवा. ओव्हर.”

ते वळून आमच्याकडे चालू लागले. घाई केली नाही. अठरा पावलं आले. तेव्हा भिंतीत जातं फिरावं तसा आवाज झाला. दुसरं भोक पन्हळीच्या पाइपामागे होतं. दोन दिवसांत ते दिसलं नव्हतं. लोट तिथून बाहेर पडला.

मग मी तो हुकूम दिला. का दिला, ते सांगते. आमच्या गावाकडे आग्यामोहोळ उठलं की घोंगडी ओढून पालथं पडतात आणि हलत नाहीत. होमगार्डमध्ये दगड आले की डाउन. माझ्या डोक्यात दुसरं काही नव्हतं. पण त्यांच्या अंगावर घोंगडी नव्हती. पडताना रेनकोट वर सरकला आणि कंबर उघडी पडली.

रामफलने मला ट्यूबवेलच्या खोलीत ढकललं आणि लोखंडी दार लावून घेतलं. मला नऊ डंख होते. त्याचा कान सुजून लोंबत होता. आत आलेल्या चार-पाच त्याने चपलेने मारल्या. दाराच्या फटीतून मला हवालदार दिसत होते. पाठ तांबडी झाली होती, आणि ती पाठ हलत होती. माणूस हलत नव्हता.

वॉकीटॉकी वाजला.

“लीडर. डाउन पोझिशनमध्ये. पुढचा हुकूम. ओव्हर.”

आवाज स्वच्छ होता.

“उठा! पळा! ट्यूबवेल, डावीकडे. ओव्हर.”

ते गुडघ्यावर उठले. टॉवेल सुटला. गांधीलमाश्या तोंडावर बसल्या. ते उजवीकडे गेले, कोठीच्याच दिशेने, चार पावलं, आणि पडले.

“दिसत नाही. ओव्हर.”

त्यानंतर बटण दाबलेलंच राहिलं. नुसता घोंघाट येत होता.

मी दाराच्या कडीवर हात ठेवला होता. चार मिनिटं मी कडी काढली नाही. रामफलने मला धरलं नव्हतं. मी घाबरले होते. घड्याळ बघत होते, म्हणून चार मिनिटं हे माहीत आहे.

रामफलने ट्यूबवेलचा पंप चालू केला आणि पोती भिजवली. “चल, अम्मा,” म्हणाला. पाच अठ्ठावन्नला पोती पांघरून बाहेर पडलो. एकेक पाय धरून त्यांना ओढत आणलं. आणताना त्यांचं तोंड मातीत घासलं, दुसरा इलाज नव्हता. खोलीत उलटं केलं तेव्हा डोळे उरले नव्हते, नुसत्या दोन चिरा. जीभ बाहेर आली होती, काळी पडली होती. तोंडात दोन गांधीलमाश्या जिवंत होत्या. मी त्या बोटाने काढल्या. उजव्या हातातला वॉकीटॉकी सोडवायला एकेक बोट उचकटावं लागलं.

रामफलने जीप चालवली. मी मागे त्यांचं डोकं धरून बसले. सहा चाळीसला श्वास थांबला. हॉस्पिटल अजून लांब होतं.

त्यांची बायको गावाहून रोज आठला फोन करायची. त्यांचा फोन माझ्या खिशात होता. मी उचलला.

“वहिनी, हवालदार गेले. गांधीलमाश्या उठल्या. पडून राहा, असा हुकूम मी दिला होता.”

त्या म्हणाल्या, “त्यांनी ऐकलं?”

“ऐकलं.”

“घरात कधी कुणाचं ऐकलं नाही,” त्या म्हणाल्या, आणि फोन ठेवला.

त्याच संध्याकाळी, अंधार पडल्यावर, रामफलने आणि मी दुसरं भोकही पावडर मारून बंद केलं. दहा मिनिटांचं काम होतं. एकही गांधीलमाशी बाहेर आली नाही. सकाळी म्हशींना भुसा घातला.

हवालदारांची वही माझ्याकडे आहे. दोन दिवसांच्या वेळा आहेत. खाली लिहिलंय, ‘भोक एक. खात्री केली.’ वहिनींनी मागितली नाही. मागितली तर देईन. वेळ त्यांची चुकली, भोक त्यांचं चुकलं. हुकूम माझा चुकला. फॉल-इन मी बंद केलं.

त्या सकाळी कोठीसमोर आम्ही तिघं होतो. रामफल जगला. मी जगले.