दादा कुठवर आला

आमचा दादा पळायला लागला की वारा बाजूला सरून त्याला वाट द्यायचा. एकदा पिंगळी स्टेशनातून सुटलेल्या पॅसेंजरबरोबर त्यानं पैज लावली. गाडी परभणीत पोचली तेव्हा हा फलाटावर बसून भजी खात होता, आणि गार्डानं खाली उतरून त्याला सलाम ठोकला. मी सांगतोय म्हणून कुणी मानत नाही. पण आमच्या गावात ती भजी चाखलेली माणसं आहेत.

त्या वर्षी दिवाळीनंतर तो आई-बापासंगं ऊसतोडीला गेला आणि उसाच्या उलटलेल्या ट्रॉलीखाली सापडला. तिकडंच त्याला जाळलं. आई-बाप दहाव्यापुरते गावी आले आणि परत फडावर गेले. मी सातवीत, धाकटी बहीण दुसरीत, आम्ही दोघं चुलतीजवळ. बहिणीला सगळ्यांनी नीट समजावून सांगितलं होतं. तिनं ऐकून घेतलं, आणि दुसऱ्या दिवसापासून फाट्यावर जाऊन बसायला लागली. शाळा नाही, धड भाकर नाही. एसटी आली की उभी राहायची, गेली की बसायची. फ्रॉक अंगावर खुंटीला टांगल्यासारखा दिसायला लागला. चुलती मला म्हणाली, "ही बी जायची बघ."

तेव्हा मी तोंड उघडलं.

"एसटीनं कशाला यील त्यो? पळत यायलाय."

कितीतरी दिवसांनी तिनं माझ्याकडं मान वळवली. "कुठवर आलाय?"

"बीडच्या अलीकडं. भाकर खा, उद्याचं उद्या सांगतो."

तिनं खाल्ली. मग मीही सांगताना हात आखडला नाही. माजलगावच्या धरणाला वळसा नको म्हणून दादा पाण्यावरून पळाला. तळवे तेवढे ओले झाले. पाथरीत त्याला बघायला अख्खा बाजार उठला, तराजू तसेच लोंबकळत राहिले. तिथं मी त्याला मुद्दाम मुक्कामाला ठेवला, ताक पाजलं, कुस्ती खेळवली, कारण पुढं गाव जवळ यायला लागलं होतं. बहीण शाळेत जायला लागली. संध्याकाळी मैदानावर एकटीच पळायची. दादा आल्यावर त्याच्या बरोबरीनं पळता यावं म्हणून.

चुलतीनं एकदा ऐकलं. "मेलेल्या लेकराला कशाला पळवायलास रं? बसू दे की त्याला कुठंतरी."

पण तो बसेना. मी डोळे मिटले की पावलं वाजायची; मी सांगायच्या आधीच पुढं निघालेली.

सव्वीस जानेवारीला झेंडावंदनानंतर शर्यती होत्या. गुरुजींनी तिचं नाव घातलं, तर ती म्हणाली, "दादा आल्याबिगर मी पळणार न्हाई."

"त्याच दिवशी पोचतोय," मी बोलून गेलो.

मुलींची शर्यत सुटली. मी शेवटच्या दोऱ्याचं एक टोक धरून उभा होतो. ती अशी सुटली की बाकीच्या पोरी घरी निघाल्यासारख्या दिसत होत्या. दोरा हाताच्या अंतरावर राहिला आणि ती थांबली. मागं वळून उभी राहिली. पोरी तिच्या अंगावरून पुढं गेल्या, दोरा तुटला, टाळ्या वाजल्या. गुरुजी म्हणाले, "बाळ, एक पाऊल राहिलंय, टाक की." तिनं नाही टाकलं. तिथंच खाली बसली, फाट्यावर बसायची तशी, आणि मला विचारलं, "कुठवर आला?"

मला धरण ओलांडता आलं होतं. ते मैदान ओलांडता येईना.

मी सुरुवातीच्या रेघेवर गेलो आणि पळत सुटलो. दादासारखा, मुठी छातीशी, मान खाली.

"अरं, पोरींच्या शर्यतीत घुसलास व्हय?" कुणीतरी ओरडलं. "फ्रॉक इसरलास की."

भेगाळलेली काळी माती तेवढी दिसत होती. अर्ध्यात मान वर केली, तर ती उठली होती. माझ्याकडं बघतच नव्हती. शेजारच्या रिकाम्या पट्ट्याकडं तोंड करून, जोडीला कुणी असल्यासारखी दोन-चार पावलं पळाली आणि शेवटची रेघ पार करून गेली.

मी पोचलो ते कोसळलोच. धापा टाकत विचारलं मीच. "आला?"

"आला की. तुझ्या आधी." तिनं माझ्या छातीवर हात ठेवून बघितला. "तुला लय दम लागलाय. त्याला जरा बी लागला न्हवता."

मग ती खाऊच्या रांगेकडं गेली. मी मैदानाच्या या टोकाला मातीतच पडून होतो. तिचा आवाज मला लांबून ऐकू आला, पुढच्या मुलीला सांगत होती, "जरा सरक, आमी दोघं हाव."