नाव न विचारणारी इंदूबाई

शाळेची दुसरी घंटा झाली होती. मुलींना मी पाढे म्हणायला लावले होते, तेवढ्यात मिशनच्या दवाखान्याचे कंपाउंडर दानिएल दारात येऊन उभे राहिले. टोपी हातात. दानिएल कधी शाळेत येत नसत. त्यांच्याकडे पाहिलं आणि वाटलं, यांनी आता काही बोलू नये, असंच उभं राहावं… "इंदूबाई गेल्या, बाई," ते म्हणाले. मागे मुलींचे पाढे चालूच होते. आदल्या संध्याकाळी मी तिच्या खाटेपाशी बसले होते. ताप उतरून पंधरवडा होत आला होता, चेहऱ्यावर रंग आला होता, भाकरी मागून खात होती. फक्त तीन आठवडे खाटेवरून उठायचं नाही, असं पुण्याच्या डॉक्टरांनी बजावलं होतं. घटसर्पाचं विष घशातून गेलं तरी काळजात दबा धरून बसतं, असं ते म्हणाले होते. ती हसली होती. मला मात्र हसू आलं नव्हतं.

तिचं खरं नाव इंग्रिड. इकडच्या बायकांच्या जिभेवर ते बसेना, म्हणून इंदू झालं. वयानं माझ्याहून पाच वर्षांनी लहान, म्हणून मी 'ती'च लिहिते. नॉर्वेच्या एका खेड्यातली ही मुलगी नर्स झाली आणि मिशननं तिला चीनमध्ये पाठवलं. दोन वर्षं तिनं तिथली भाषा घोटली. बाळंतपणं करू लागली, बाजारात घासाघीस करू लागली, आणि तिथलं राज्य बदललं. दोन दिवसांत निघा, असा हुकूम झाला. हाँगकाँगच्या बंदरात उतरली तेव्हा वाटलं होतं, आता घरी जायचं. तिथे मिशनची तार वाट पाहत होती : हिंदुस्थान, बारामती. नकाशात तिनं बारामती शोधली, सापडली नाही. आपल्याला स्वातंत्र्य मिळून पाच-सहा वर्षं झाली होती. अशा वेळी एक गोरी मुलगी बारामतीच्या उन्हात उतरली आणि तिला मराठी शिकवायचं काम माझ्याकडे आलं.

पहिल्याच दिवशी 'मी' हा शब्द मी फळ्यावर लिहिला. तिनं विचारलं, "हा वर चढवून म्हणायचा की खाली उतरवून?" मला कळेना. तिकडच्या भाषेत सूर बदलला की अर्थ बदलतो, असं ती सांगू लागली. "तिकडे 'मी' म्हणजे तांदूळ," ती म्हणाली आणि खुदकन हसली. मी माझं नाव सांगायला तोंड उघडलं, तर तिनं हात वर केला. "नको. मी तुम्हाला बाई म्हणेन." मला राग आला. हिला आमची भाषा हवी, माणूस नको! राग चांगला वर्षभर पुरला. ती कुणाच्या हळदीकुंकवाला जात नसे, कुणाच्या घरचं पाणी पीत नसे, दवाखान्याचं रजिस्टरसुद्धा दानिएलना लिहायला लावी. फाटकाची कडी वाजली की बोलता बोलता थांबे आणि कोण आलं ते दिसेपर्यंत श्वास रोखून बसे.

मग तिला आणि दानिएलना इंदापूरच्या दवाखान्यात पाठवलं. योगायोगानं त्याच वर्षी माझीही बदली इंदापूरच्या मुलींच्या शाळेत झाली. तीस मैलांची बदली, पण घर सुटलं म्हणून मी तिथं तिच्या ओट्यावर बसून रडले. ती माझ्याकडे बघत राहिली आणि प्रथमच मोकळेपणी बोलली. चीनमध्ये तिला भाषा शिकवणारे एक म्हातारे मास्तर होते. तिच्या वहीत त्यांचं नाव होतं. झडतीत वही गेली. बोट सुटायच्या आदल्या दिवशी कुणीतरी सांगितलं, मास्तरांना घेऊन गेले… "पुढं?" मी विचारलं. "पुढं मला माहीत नाही. माझ्यामुळं गेले, एवढं माहीत आहे." तेव्हा माझा राग गेला, आणि त्या जागी भीती येऊन बसली.

भीती खोटी नव्हती. ती डाळज, लासुर्णे, वरकुटे अशी गावं फिरू लागली तशा कंड्याही फिरू लागल्या. ही पोरांना बाटवते, ही सुईतून काहीतरी घालते. लासुर्ण्यात एकदा ती शिरली आणि दारं एकामागून एक लागत गेली. तिच्या इथं राहायच्या परवान्याची मुदत संपत आली होती, वरून उत्तर येत नव्हतं. एके दुपारी मी तिच्या घरात बसलेली असताना जमादार चौकशीला आले. "तुमच्याकडं कोन कोन येतं?" त्यांनी साधंच विचारलं असेल. ओट्यावरून तिचा आवाज आला, "आजारी लोक. दुसरं कुणी नाही." ते गेल्यावर ती आत आली तेव्हा तिचे ओठ पांढरे पडले होते. "बाई, आता येऊ नका." त्याच आठवड्यात आमच्या शाळेच्या साहेबांनीही मला बाजूला घेतलं. नोकरी सरकारी आहे, तिथं जाणं-येणं बरं दिसत नाही, म्हणाले. मी जायचं थांबवलं. लिहायला लाज वाटते, पण दोन महिने मी त्या रस्त्यानंही गेले नाही. तिनं सांगितलं म्हणून थांबले, असं स्वतःला समजावत राहिले.

दोन महिन्यांनी दानिएल एक चिठ्ठी घेऊन घरी आले. चिठ्ठीवर नाव नव्हतं. 'वरकुटे. मुलं. या.' एवढंच.

वरकुटे माझं आजोळ. थोरल्या मामांना सारं गाव आबा म्हणतं. आम्ही पोचलो तेव्हा चावडीपुढं माणसं जमली होती. गावात घटसर्प आला होता. आदल्या दिवशी एका पोराला तिनं इंजेक्शन दिलं होतं, सकाळी ते गेलं. चावडीच्या पायरीवर इंदूबाई पेटी मांडीवर घेऊन बसली होती आणि तिच्याभोवती दहा हात जागा मोकळी होती.

"सुमन, तू मधी पडू नगं," आबा म्हणाले. "ह्या बाईनं सुई टोचली आन् पोरगं गेलं. आता आनिक कुनाला हात लावू द्यायचा न्हाय."

"आबा, त्याला उशीर झाला होता. अजून चार पोरं घरात घुसमटतायत. तुमची नात आहे त्यात."

"आन् ती गेली मंजी? तू जबाबदार ऱ्हाशील?"

मी इंदूबाईकडे पाहिलं. तिनं मान हलवली नाही, डोळेही वळवले नाहीत. "राहीन," मी म्हणाले. माझाच आवाज मला परका वाटला. तेवढ्यात आबांची सून सगळ्यांच्या देखत पोरीला घेऊन बाहेर आली. पोरीचा श्वास करवतीसारखा वाजत होता. "मामंजी, मला अडवू नगासा," एवढंच ती म्हणाली.

इंदूबाईनं पेटी उघडली. आधी वही काढली. "हिचं नाव काय?" तिनं विचारलं. "गंगू," आई म्हणाली. तिनं देवनागरीत, सावकाश, काना-मात्रा जपत लिहिलं : गंगू. मग दुसरं पोर, तिसरं, चौथं. चारही नावं लिहिली. त्यांच्या खाली तिनं आणखी एक नाव लिहिलं आणि वही माझ्यापुढं धरली. "सुमन. आबांनी हाक मारली. बरोबर लिहिलं?" उकारसुद्धा बरोबर पहिला दिला होता, तरी ती विचारत होती. मी मान डोलावली.

चारही पोरं वाचली. इंजेक्शनं संपली. परतीच्या गाडीत बसताना तिनं गळ्याला हात लावला आणि पदरासारखा रुमाल वर ओढला. मी पाहिलं, पण विचारलं नाही. दुसऱ्या दिवशी पुण्याहून औषध आलं, तोवर तिच्या घशात पांढरा पडदा आला होता.

तिच्या दुखण्याच्या अठराव्या सकाळी डाळजची एक गाडी दवाखान्याच्या फाटकाशी थांबली. गाडीवानानं हाक मारली, "कुनी हाय का? पोर निळं पडलंय!" दानिएल मागे पाणी उकळत होते. ती खाटेवरून उठली, अनवाणी फाटकापर्यंत गेली, पोर छातीशी धरून आत आणलं आणि टेबलावर ठेवलं. दानिएल धावत आले तेव्हा ती टेबलाचा कोपरा धरून खाली बसत होती. "आधी त्याला," ती म्हणाली. त्यांनी आधी त्याला इंजेक्शन दिलं. वळून पाहिलं तेव्हा… पोर आज डाळजला धडधाकट आहे.

या गोष्टीला सहा आठवडे झाले. मिशनची दुसरी नर्स कधी येईल, येऊ देतील की नाही, कुणालाच माहीत नाही. पण दर बाजारच्या दिवशी गावांतून माणसं येतात आणि दवाखान्याच्या पायऱ्यांवर बसतात. पहिल्या आठवड्यात ती माणसं दुपारपर्यंत बसून निघून गेली. पुढच्या आठवड्यापासून मी जाऊ लागले. दानिएल औषध देतात, मी ताप बघते, घसे बघते, ज्याला पुण्याला न्यायला हवं त्याच्या घरच्यांशी भांडते. तिची खाट आम्ही काढलेली नाही. आता मी हे लिहिते आहे तेव्हा त्या खाटेवर लासुर्ण्याची एक पोर तापानं फणफणून झोपली आहे; तिची आई उशाशी बसली आहे आणि मला दर थोड्या वेळानं विचारते आहे, "बाई, बरी व्हईल न्हवं?" शाळेच्या साहेबांची चिठ्ठी काल आली : येऊन भेटा. उद्या भेटेन. आज मला इथून उठता येणार नाही.