तात्यांना दाखवायचा डोंगर

लिहायला बसलोय खरा, पण आधी माफी मागतो. माझी शाळा चेन्नईत झाली. मराठी घरात बोललो तेवढीच, आणि लिहायला आईनं सुट्टीत पाटीवर शिकवली तेवढीच. कॉलेजात जाणारा घरातला मी पहिला, त्यामुळे घरच्यांना वाटतं याला सगळं येतं. तसं नाही. जे झालं ते कुणाला तरी सांगावंसं वाटलं, म्हणून धाडस करतोय.

वडील इथल्या सावकारपेटेत गलाईचं काम करतात. सोनारांकडचं जुनं, मिसळीचं सोनं वितळवून शुद्ध करून देतात. सांगलीकडच्या आमच्या दुष्काळी भागातली पुष्कळ माणसं या कामासाठी देशभर पांगली, त्यातलेच ते एक. मिसरूड फुटायच्या आधीच मद्रासला आले. निघताना थोरला भाऊ म्हणजे आमचे तात्या म्हणाले होते, "पाठीशी डोंगर नसला तर माणसाला झोप कशी लागती रं?"

गावच्या घराच्या दारात उभं राहिलं की समोर डोंगर दिसतो. सपाट माथा, मधे एक खाच आणि डावीकडे लांब उतरत गेलेली सोंड. वडिलांना तसाच डोंगर इकडे सापडला होता. गावाकडे जाणारी गाडी तिरुत्तणी सोडून थोडी पुढे गेली की एका फाटकापाशी तो खिडकीत येतो. दर वेळी ते आम्हाला उठवून दाखवायचे. फोनवर तात्यांनाही सांगायचे, आणि तात्या दर वेळी हसायचे.

"मद्रासला कुठला आलाय डोंगर? तिथं नुसती वाळू. सोन्याच्या धुरानं डोळं फिरल्यात तुझं."

"दादा, एकदा या की इकडं. दावतो."

"शेरडं काय तू राखणार?"

हे भांडण माझ्या जन्माच्याही आधीपासूनचं. पण यंदा संक्रांतीनंतर कळलं की तात्यांचा एक डोळा गेलाय आणि दुसराही अधू होत चाललाय. मिरजेच्या डॉक्टरांनी गॅरंटी दिली नाही. त्या दिवशी जेवताना वडील माझ्याकडे न बघताच म्हणाले, "तू ते फोटूचं शिकतूस न्हवं? मग तेवढा आपला डोंगर काढून आण. दादाला दिसतंय तवर धाडू."

त्यांनी माझ्याकडे असं काही मागायची ही पहिलीच वेळ. कॉलेजात मी फोटोग्राफी क्लबमध्ये होतो. पाडव्याच्या आधीच्या रविवारी क्लबचा कॅमेरा मागून घेतला आणि पहाटेच्या पहिल्या लोकलनं एकटाच निघालो. मित्रांना मुद्दाम सांगितलं नाही. डोंगराचे फोटो काढायचे तर सोबत बडबड नको, असं आमचे सीनियर सांगायचे.

तिरुत्तणीहून शेअर ऑटोनं फाटकाशी उतरलो. समोर तोच डोंगर. सपाट माथा, खाच, सोंड. पण उजेड अजून नीट फुटला नव्हता. डोंगर राखाडी दिसत होता, पुढे विजेच्या तारा आणि फाटकाजवळ थांबलेली मालगाडी. असा फोटो क्लबात दाखवला असता तर मुलांनी नावंच ठेवली असती. मी कॅमेरा बाहेरही काढला नाही. वर जाऊ, चांगला उजेड धरू, हा येताना काढू, असं ठरवलं.

शेळ्यांच्या पायवाटेनं चढत गेलो. कडुलिंबाला तांबूस पालवी आली होती. आंब्याचा मोहर गळून बारीक कैऱ्या धरल्या होत्या. माथ्यावर पोचलो तेव्हा सूर्य नुकताच वर येत होता आणि पलीकडे एकामागे एक डोंगरांच्या रांगा निळ्या होत गेल्या होत्या. खाली तळं चकाकत होतं. मला फोटो काढण्याखेरीज दुसरं काही सुचेना. इतका आनंद मला कधी झाला नव्हता, हेही खरंच सांगतो. कॅमेऱ्याची बॅटरी संपत आली तेव्हा कुठे थांबलो.

उतरेपर्यंत ऊन डोक्यावर आलं होतं. पाणी संपलेलं. फाटकाशी पोचलो तर आकाश पांढरंफटक पडलं होतं आणि ऑटोवाला तमिळमध्ये "वा, वा", म्हणजे "ये, ये" करून बोलावत होता. मी बसलो.

घरी फोटो वडिलांच्या फोनवर टाकून दिले. त्यांनी हात पुसून चष्मा लावला आणि एकेक फोटो सावकाश बघितला.

"लई भारी काढल्यात," ते म्हणाले. "पर आपला डोंगर कुठाय?"

"पप्पा, मी त्याच्यावरच उभा होतो."

स्वयंपाकघरातून आई हसली. "बैलावर बसून बैलाचा फोटू काढून आलंय तुमचं लेकरू!"

वडीलही हसले. "असू दे. परत कवा जाशील तवा आण." घाई असल्याचं ते पुन्हा बोलले नाहीत आणि माझ्याही ते मनात आलं नाही. परीक्षा आली. परीक्षा संपल्यावर गेलो तर उन्हाळ्याच्या धुरकटीत डोंगर पुसल्यासारखा झालेला. परत गेलो, तेव्हाही तेच. पुढे श्रावणात पावसाच्या सरी येऊन हवा धुतली गेली तेव्हा एका सुट्टीत गाडी पकडली, फाटकाशी उभा राहिलो आणि फोनवरच फोटो काढला. तारांसकट. तिथूनच गावी तात्यांच्या मुलाला, म्हणजे माझ्या चुलतभावाला पाठवला.

त्यानं बघितल्याची खूण आली, उत्तर आलं नाही. बरेच दिवस आलं नाही. मग एका संध्याकाळी त्याचाच फोन आला. वडील दुकानात होते.

"फोटू मिळाला," तो म्हणाला. "अगदी आपल्यासारखाच हाय की रं."

"तात्यांना दाखवलास?"

"काकांनी तुझं पयलं फोटू पाडव्याला धाडलं व्हतं, ते तात्यांनी बघितलं. तवा दिसत व्हतं त्यांना. समदं फोटू मोठं करकरून बघत बसायचं. रोज मागायचं. म्हणायचं, पोरानं डोंगर कुठं लपीवलाय ते गावंना."

वडिलांनी ते पाठवले होते, हे मला माहीत नव्हतं.

"आता?" मी विचारलं.

"दुसरा डोळा आषाढात गेला. तुमच्या जिवाला घोर नको म्हणून तात्यांनीच सांगू दिलं न्हाई. काकांना आता तूच सांग."