खांद्याला सोसतील अशी काडतुसं

बंदुकीची काडतुसं घरी करता येतात, हे मला अ‍ॅरिझोनात सात वर्षं काढूनही माहीत नव्हतं. घरी पापड करतात, लोणचं करतात, हौस दांडगी असेल तर आकाशकंदील करतात. पण काडतुसं? मी नागपूरची, नवरा पुण्याचा. आमच्या दोन्ही घरांत टिकल्यांच्या पिस्तुलापलीकडे कुणाची मजल गेलेली नव्हती.

चँडलरला आमच्या कॉलनीची भिंत संपली की कापसाचं शेत लागायचं आणि त्या शेताच्या कडेला एकच जुनं घर होतं. त्यात पंचाहत्तरीच्या एक बाई एकट्या राहायच्या. ओळख कढीपत्त्यावरून झाली. माझं कढीपत्त्याचं झाड जानेवारीच्या थंडीत माना टाकायला लागलं, तेव्हा भिंतीवरून डोकावून त्यांनीच मला सांगितलं की रात्री त्याच्यावर जुनी चादर टाक. झाड जगलं. मग मी त्यांना पोहे नेऊन दिले, त्यांनी मला संत्री दिली, आणि आमचं जुळलं. त्या अर्थातच इंग्रजीत बोलायच्या, पण मला त्यांचं सगळं बोलणं मराठीतच आठवतं, त्याला मी काय करू?

२००७ च्या उन्हाळ्यात त्यांचे यजमान गेले. नंतर महिन्याभरातच कुणीतरी भरदुपारी त्यांचं मागचं दार फोडायला लागलं. बाई आतच होत्या. त्यांनी फोन केला, पण पोलिसांची गाडी यायला अर्धा तास गेला. तोवर तो माणूस आपणहून निघून गेला होता, दाराची चौकट तेवढी फुटलेली होती. ओहायोत राहणाऱ्या त्यांच्या मुलाने ते ऐकलं आणि घर विकून आईला वृद्धाश्रमात न्यायचं ठरवूनच टाकलं. बाई म्हणाल्या, "माझ्याकडे रायफल आहे." मुलगा म्हणाला, "ती तुला झेपत नाही." त्याचं खरं होतं. बाईंच्या उजव्या खांद्याचं ऑपरेशन झालेलं होतं, आणि दुकानातलं काडतूस उडवलं की त्या रायफलचा दस्ता तिथेच बसायचा. शेवटी मायलेकांचं असं ठरलं की थँक्सगिव्हिंगला तो येईल. तेव्हा आईने नेमबाजीच्या रेंजवर, स्वयंपाकघरापासून फाटकापर्यंत असेल तेवढ्या अंतरावरून, लोखंडी पत्र्यावर पाच गोळ्या मारून दाखवायच्या. जमलं तर घर राहील, नाही तर बॅग भरायची.

ऑक्टोबरातल्या एका शनिवारी बाई मला त्यांच्या गॅरेजमध्ये घेऊन गेल्या. भिंतीला लागून एक लांब लाकडी टेबल, त्यावर बोल्टने आवळलेला, काडतुसं दाबून बसवायचा लोखंडी प्रेस, काचेच्या पेटीत ठेवलेला छोटा तराजू. यजमान त्यांच्यासाठी मुद्दाम मऊ काडतुसं करायचे, म्हणजे दारू कमी आणि धक्का कमी. खांद्याला सोसतील अशी. त्यातली तीनच उरली होती. "पद्धत मला पाठ आहे," बाई म्हणाल्या, "चाळीस वर्षं शेजारी बसून बघितलंय. हातही चालतात. लांबचं दिसतं, पण मोतीबिंदूमुळे जवळचं बारीक काही दिसत नाही. मला तुझे डोळे हवेत."

मी कॉम्प्युटरच्या चिपच्या कारखान्यात मोजमापाचं काम करते. डोळ्यांना न दिसणाऱ्या रेषा मोजायच्या आणि चुकल्या की लोकांवर डाफरायचं, हे माझं पोट. त्यामुळे मी लगेच हो म्हटलं. घरी येऊन नवऱ्याला सांगितलं तर तो कपाळाला हात लावून बसला. "ग्रीन कार्ड येऊन सहा महिने नाही झाले आणि तू काडतुसं भरायला निघालीस? व्हिसावर असताना गोळीला हात लावायचीसुद्धा चोरी होती, आठवतंय ना?" मग स्वतःच तीन दिवस कायदा वाचत बसला आणि चौथ्या दिवशी म्हणाला, "चालतं. पण ही नसती उठाठेव आहे, हे माझं मत लिहून ठेव." पुणेकर. मत लिहून ठेवल्याशिवाय परवानगी नाही.

त्या टेबलाचे नियम मला बाईंनी पहिल्याच दिवशी सांगितले. टेबलापाशी बोलायचं नाही. फोन आणायचा नाही. आणि डोळ्यांनी बघितल्याशिवाय 'बघितलं' म्हणायचं नाही. कारण असं की ही जुन्या धाटणीची काडतुसं, त्यांची पितळी पुंगळी चांगली लांबरुंद, आणि आमची दारू अगदी थोडी. ती तळाशीच बसते. चुकून एकात दोनदा पडली तरी ओसंडत नाही, वरून काहीच कळत नाही. म्हणून पन्नास भोकांच्या लाकडी ठोकळ्यात पुंगळ्या उभ्या करायच्या, एकेकीत दारू घालायची, आणि मग बॅटरीच्या उजेडात प्रत्येकीच्या तळाशी डोकावून बघायचं. त्याशिवाय वर शिशाची गोळी बसवायची नाही. "दोनदा पडली तर काय होतं?" मी विचारलं. बाईंनी नुसता आपला गाल दाखवला. रायफल उडवताना गाल तिच्या लाकडावर टेकलेला असतो, आणि स्फोट तिथून चार बोटांवर होतो.

पहिले दोन शनिवार आम्ही फक्त पुंगळ्या साफ केल्या, मापल्या आणि नाकारल्या. काय सांगू, मी थक्क झाले! बाईंची बोटं सांध्यांत सुजलेली होती, पण पुंगळीच्या ओठावरून नख फिरवून त्या सांगायच्या, "हिला चीर आहे." मी भिंग लावून बघायचे तर केसाएवढी चीर असायची. आमच्या कारखान्यात त्यासाठी एक खोलीभर मशीन आहे, आणि ते महिन्यातून दोनदा बंद पडतं. प्रेसचा दांडा त्या अशा ओढायच्या की पितळ आत जाताना आवाजसुद्धा होत नसे. जरा आवाज वेगळा आला की थांबायच्या. मी आयुष्यभर स्वतःला काटेकोर समजत आले होते. त्या गॅरेजमध्ये मला माझी जागा कळली.

तिसऱ्या शनिवारी दारू भरायची होती. एकतिसाव्या पुंगळीपर्यंत सगळं शिस्तीत झालं. मग बाई बाथरूमला गेल्या, आणि माझा फोन वाजला. हो, फोन माझ्या खिशात होता! आदल्या दिवसापासून मी मुद्दाम तो जवळ बाळगला होता, कारण आमच्या मराठी मंडळाची दिवाळी दुसऱ्या दिवशी होती आणि स्वयंपाकाच्या प्रमुख काकूंचा फोन येणार होता. आता परदेशात राहिलेल्या मराठी माणसाला मी हे समजावून सांगायला नको. बॉसचा फोन टाळता येतो, आईचासुद्धा टाळता येतो, पण मंडळाच्या काकूंचा फोन टाळता येत नाही. टाळला तर पुढच्या वर्षभर प्रत्येक हळदीकुंकवाला तुमचा उद्धार होतो.

"अगं, तुझ्या चकल्या किती होणार?" काकू म्हणाल्या. "दीडशे तरी कर हं. आणि मसालेभाताला काजू कोण आणतंय?" मी फोन कानाखांद्यात धरला, आणि बोलता बोलता हात चालू ठेवला. हीच ती अक्कल. कारखान्यात माझ्या हाताखालच्या कुणी असं केलं असतं तर मी त्याला त्या खोलीत पुन्हा पाऊल ठेवू दिलं नसतं. बाईंची चाहूल लागली तशी मी फोन खिशात कोंबला.

"कुठवर आलीस?"

"चाळीस," मी म्हटलं. पुढच्या दहाही भरल्या. मग बाईंनी विचारलं, "सगळ्यांत डोकावून पाहिलंस?" मी पहिल्या तीन ओळींत नीट बघितलं होतं. नंतरच्या ओळींवरून बॅटरी नुसती भराभर फिरवली होती, कारण मला शरम वाटत होती आणि लवकर संपवायचं होतं. मी म्हटलं, "पाहिलं." बाईंनी मान हलवली आणि एकेका पुंगळीवर गोळी बसवली. पन्नास काडतुसं ओळीने डब्यात गेली.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी चकल्या करत होते. एकही धड पडेना. नवरा म्हणाला, "काय झालंय?" मी सांगून टाकलं. मला वाटलं टोमणा येईल. आला नाही. त्याने गॅस बंद केला आणि म्हणाला, "आत्ताच्या आत्ता जा. चकल्यांचं मी बघतो." त्या माणसाला तोवर पोळीही लाटता येत नव्हती.

बाई ओट्यावर संत्री सोलत होत्या. मी दारातच सांगितलं, "मी काल खोटं बोलले. मला फोन आला होता. शेवटच्या दोन ओळी मी पाहिलेल्या नाहीत." मला रडू येत होतं, पण रडले असते तर त्यांना माझीच समजूत काढावी लागली असती. म्हणून दात आवळून उभी राहिले. बाईंनी हात धुतले, पुसले, आणि गॅरेजचं दार उघडलं. चार शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

हातोडीसारखं एक प्लास्टिकचं अवजार असतं. त्यात काडतूस अडकवून फरशीवर आपटलं की शिशाची गोळी निसटते आणि दारू मोकळी होते. मी आपटायचे, बाई दारू तराजूत ओतायच्या, आकडा मी वाचायचे, त्या वहीत लिहायच्या. मी म्हटलं, "शेवटच्याच ओळी फोडू या ना." त्यांनी पहिल्या ओळीतलं पहिलं काडतूस माझ्या हातात दिलं. मी 'पाहिलं' म्हटलेल्या सगळ्याच ओळी आता संशयात होत्या, हे मला तेव्हा कळलं.

चौतिसाव्याला तराजूचा दांडा खाडकन तळाला टेकला. दुप्पट दारू.

त्या पन्नासांतली कुठलीही पाच त्यांनी मुलासमोर उचलली असती. त्यातलं हे एक असतं तर? मी खाली फरशीवर बसले. बाईंनी आकडा लिहिला, वही वळवून मला दाखवली, आणि पस्तिसावं काडतूस पुढे केलं. मी म्हटलं, "सापडलं ना आता!" त्या म्हणाल्या, "एक सापडलं. उरलेली ठीक आहेत असं त्याने सांगितलं का तुला?" अशी बाई मी जन्मात पाहिली नाही. स्वतःचं मरण तराजूत बघून पुढचं मोजायला घेणारी. आम्ही पन्नासच्या पन्नास फोडली. दुपार झाली. चकल्या मंडळात गेल्याच नाहीत, आणि काकूंनी व्हायचा तो उद्धार केलाच.

पुढच्या शनिवारी मी फोन घरी ठेवून गेले. बाई मला आत घेतील का, याचीही मला खात्री नव्हती. पण टेबलापाशी माझी खुर्ची मांडलेली होती. या वेळी एकेका पुंगळीत मी दोनदा डोकावले. एकदा शंका आली तेव्हा अख्खा ठोकळा उलटा करून पुन्हा पहिल्यापासून भरला, आणि बाई तोवर थांबून राहिल्या.

थँक्सगिव्हिंगच्या दुसऱ्या दिवशी आम्ही वाळवंटातल्या रेंजवर गेलो. बाई, त्यांचा मुलगा आणि मी. मुलगा पन्नाशीचा, अबोल, आईसारखाच हट्टी. त्याने डबा उघडून विचारलं, "ही कुणी भरली?" मला गप्प राहता आलं असतं. जिभेला हाड नाही म्हणून नव्हे, पण हे त्याला माहीत असायला हवं असं वाटलं, म्हणून मी सगळं सांगितलं, फोनसकट, चौतिसाव्या काडतुसासकट. "आई, या डब्यातलं नाही," तो म्हणाला. "दुकानातली घे. किंवा पहिली मी उडवतो."

बाईंनी त्याच्याकडे बघितलंच नाही. माझ्याकडे वळल्या.

"पाहिलंस?"

"पाहिलं. प्रत्येक."

बस, एवढंच. त्यांनी पाच काडतुसं उचलली, एकेक करून रायफलच्या कुशीतल्या फटीतून आत ढकलली, कानांवर आवाज अडवणारे मफ चढवले, खालची कडी पुढे ढकलून मागे ओढली आणि गाल लाकडावर टेकवला. एकदा थाप मारलेल्या माझ्या एका शब्दावर आपला गाल टेकवला. मी डोळे मिटणार नव्हते, पण मिटले. मग पत्र्याचा आवाज आला, ठण्ण! कडी पुढे, कडी मागे. ठण्ण. तिसरी, चौथी. पाचवीला जरा थांबल्या, खांदा सावरला, आणि तीही बसली. बाईंनी रायफल टेबलावर ठेवली.

मुलाने पत्र्यावरच्या पाचही खुणा मोजल्या. मग म्हणाला, "ठीक आहे, आई. राहा तुझ्या घरी." आणि मला काय झालं कुणास ठाऊक, मी तिथेच मातीत बसले आणि धाय मोकलून रडायला लागले. रेंजवरची माणसं वळून वळून बघत होती. बाई आल्या, माझ्या डोक्यावर हात ठेवून म्हणाल्या, "अगं, गाल माझा होता. तू काय रडतेस?"