पाय वर!

पायवर काकांना माणसं आवडत नसत आणि हे ते माणसांना तोंडावर सांगत. तरी दर हिवाळ्यात आम्हा मुलुंडकरांची एक टोळी घेऊन ते कोकणातल्या समुद्री अभयारण्यात जायचे. शिडाच्या होडीने बेटावर, तिथली टेकडी पायी, मग मास्क लावून पाण्यात. पाणी कमरेएवढं, खाली प्रवाळ. कुणी त्यावर पाय टेकला की आरोळी यायची, ‘‘पाय वर!’’ नाव त्यावरूनच पडलं.

पाय टेकणाऱ्याचा मास्क जप्त आणि दिवसभर होडीत बसायचं, हा नियम. अंधेरीचा एक नवरदेव सेल्फीसाठी प्रवाळावर उभा राहिला, तर काकांनी त्याच्या पोटरीवर वल्हं हाणलं. ‘‘मेल्या, सासऱ्याच्या छातीवर असाच उभा राहशील काय?’’ बायको रडायला लागली. ‘‘तू कशाला रडतेस? तू तरंगतेयस ना? झालं तर!’’

मी चौथीत होते तेव्हा टेकडीवर त्यांनी माझी मूठ उघडायला लावली. आत किनाऱ्यावरचा शंख. ‘‘शंखात खेकडा राहायला येतो गं. तुझ्या शोकेसमध्ये कोण येणार?’’ भर उन्हात मला खाली पिटाळलं, शंख होता तिथे ठेवायला लावला. आई तडकली, ‘‘अहो, लहान आहे ती!’’

‘‘म्हणूनच. मोठे झालेले सुधारत नाहीत. स्वतःकडे बघा.’’

आज मी पत्रकं वाटते, जेट्टीवर भांडते. लोक म्हणतात, पोरीला तोंड फार. ते तोंड काकांचं. शेजारच्याच खडकावर मशीनच्या होड्या बिस्किटं टाकून मासे गोळा करतात, पर्यटकांना प्रवाळावर उभं करून फोटो काढतात. मनाईचा फलक आहे की! मासे वाचत असतील.

काकांच्या शेवटच्या सहलीत पाण्यात त्यांच्या पोटरीत गोळा आला. लाइफ जॅकेट ते घालत नसत. दोन गटांगळ्या खाल्ल्या आणि ते उभे राहिले, प्रवाळावर. पाण्याखाली मला प्रवाळ मोडल्याचं ऐकू आलं. मी डोकं बाहेर काढून ओरडले, ‘‘काका, पाय वर!’’

त्यांनी पाय वर घेतले आणि पुन्हा नाकातोंडात पाणी जाऊ लागलं. आम्ही त्यांना ओढून होडीत घातलं. मास्क त्यांनी स्वतःच काढून माझ्या हातात दिला आणि संध्याकाळपर्यंत उन्हात बसून राहिले.

‘‘लाज नाही वाटली? माणूस मरत होता,’’ एक जण मला म्हणाला.

‘‘आणि खाली मेलं ते?’’

काका पुन्हा समुद्रावर आले नाहीत. मग अंथरुणालाच खिळले. पुढच्या सहलीहून परतल्यावर मी भेटायला गेले.

‘‘वाढलं का गं तिथे परत?’’

काकू त्यांच्या उशामागून मला खुणावत होत्या, हो म्हण.

‘‘नाही. आजूबाजूचंही पांढरं पडलंय.’’

काकूंनी कपाळाला हात लावला.

‘‘मग इथे काय बसलीयस? नीघ.’’

ते गेल्याचा फोन आला तेव्हा मी मशीनच्या होड्यांच्या त्याच खडकाजवळ होडीत होते. समोर एक जण प्रवाळावर पाय टेकत होता. आधी त्याच्यावर ओरडले. मग रडले.