आईच्या मापाची गाडी

पुण्याहून निघाले तेव्हा गाडीत मी एकटी आणि सहा सीटा रिकाम्या. शेजारच्या काकूंनी गॅलरीतून विचारलंच, "एकट्या बाईला एवढी गाडी?" मी म्हटलं, "आईला आणायला चाललेय. कायमची."

दोन वर्षांपूर्वी आईचा खुबा मोडला. तेव्हापासून तिचा उजवा पाय वीतभरापेक्षा वर उचलला जात नाही. ती माझ्या धाकट्या भावाकडे, विलासकडे, राज्याच्या सीमेपलीकडं रामाकोन्याला राहते. विलास संत्र्याची बाग करतो आणि त्याच्याकडे जीप आहे. पण तिची पायरी एवढी उंच की आईला दोघांनी उचलून आत टाकावं लागतं, आणि असं पोत्यासारखं उचललेलं आईला खपत नाही. म्हणून तिनं कुठं जाणंच सोडलं.

म्हणून मी ही छोटी, सात सीटची व्हॅन घेतली. शोरूममधला विक्रेता इंजिनाचं कौतुक ऐकवत होता, मी पर्समधून टेप काढून पायरीची उंची मोजत होते. सरकतं दार, जमिनीलगतची पायरी, पुढेमागे सरकणारी मधली सीट. शेवटची रांग दुमडली की चाकाची खुर्ची आरामात मावते. नवरा गेला, लेक परदेशात. घरात लिफ्ट आहे, आईसाठी खोली रंगवून तयार होती. आणि फोनवर आई "हो, येते" म्हणाली होती. आयुष्यात पहिल्यांदा.

अमरावतीला मुक्काम केला आणि सकाळी वरूडच्या पुढं निघाले. दोन्ही बाजूंना संत्र्याच्या बागा, मध्येच कापूस. राज्याची सीमा कधी ओलांडली ते पाट्या हिंदीत झाल्या तेव्हा कळलं. पांढुर्ण्यात पाट्या हिंदीत आणि भांडणं मराठीत, हे माझ्या लहानपणापासून तसंच आहे. आता जिल्ह्याचं ठिकाण झालंय, पण गल्ल्या तेवढ्याच अरुंद. बाजाराजवळ तर्री-पोहे (तिखट रस्सा घातलेले पोहे) खायला थांबले. टपरीवाल्यानं प्लेट द्यायच्या आधी गाडीभोवती एक चक्कर मारली.

"किती सीटर हाये हे?"

"सात."

"सात म्हंजे अकरा बसते आरामात. अन् मांगची सीट फोल्ड केली त संत्र्याचे क्यारेट किती मावते?"

"मोजले नाहीत हो."

"मोजून ठेवा ताई. लोकं विचारतीन."

मला हसू आलं. तेव्हा येत होतं.

रामाकोन्याला पोचले तेव्हा आई ओसरीत खुर्चीवर बसली होती. चहापाणी बाजूला ठेवून मी आधी तिला गाडीशी नेलं. तिनं दाराची कड धरली, डावा पाय आत ठेवला, उजवा ओढून घेतला आणि बसली. स्वतःची स्वतः. कोणी बोटसुद्धा लावलं नाही. सीटवर हात फिरवत म्हणाली, "अवं माय! हे त पाटावर बसल्यावानी हाये!" मी सरळ रडले. शोरूममध्ये मला वेड्यात काढणाऱ्या त्या विक्रेत्याला तिथं आणून उभं करावंसं वाटलं.

"ताई," विलास म्हणाला, "नवी गाडी हाये, पहिले जामसांवलीले नेऊ. पूजा केल्याबिगर पुण्याले न्याची नाही." माझा त्यावर फार विश्वास नाही, पण हनुमानाचं दर्शन आईलाही हवं होतं. दुसऱ्या दिवशी सकाळीच गेलो. मंदिराबाहेर गाड्यांची रांग होती, पुजारी एकेकीला कुंकू लावत पुढं सरकत होता. आमच्या बॉनेटवर स्वस्तिक काढलं, चाकांखाली लिंबं ठेवली, हातावर पाणी घेतलं आणि विचारलं, "कोणाच्या नावानं?"

मी तोंड उघडलं. पण गाडीतून आई आधी बोलली. "विलासच्या. माह्या लेकाच्या."

आमच्याकडं ही रीतच आहे. घरात विहिरीवरची मोटर येवो की ट्रॅक्टर, संकल्प घरातल्या पुरुषाच्या नावानं सोडतात. माझ्या वडिलांच्या पहिल्या सायकलची पूजासुद्धा आजोबांच्या नावानं झाली होती. देवाच्या दारात कुठं तोंड वाजवायचं, म्हणून मी गप्प राहिले. बँकेत तीस वर्षं सही जराशी वाकडी दिसली तरी कागद परत पाठवणारी मी! तिथं माझं डोकं कुठं गेलं होतं कोण जाणे.

मी गाडीत बसायला गेले तर विलास आधीच स्टिअरिंगवर. "ज्याच्या नावानं पूजा, त्यानंच लिंबू फोडा लागते, ताई." लिंबं फुटली. त्यानंतर ती जागा मला परत मिळाली नाही.

पुढचे तीन दिवस गाडीनं जे काम केलं ते कबूल करायलाच हवं. सौंसरला आईचे डोळे तपासून आणले. बाजारात दुकानासमोर दार सरकवलं, दुकानदारानं बांगड्यांचा डबाच सीटशी आणला. "आजी, किती दिसानं दिसून राहिल्या!" आईनं हिरव्या घेतल्या. पांढुर्ण्याला मावशीकडं गेलो, दोघी बहिणी गाडीतच बसून तासभर बोलल्या. संध्याकाळी सीट दुमडून विलासचे क्यारेट. कोणाला स्टेशनवरून आणायचं, कोणाला दवाखान्यात न्यायचं, गावाला आमच्या दाराशी एवढं काम आहे हे मला माहीतच नव्हतं. एकदा नऊ माणसं भरली आणि कच्च्या रस्त्यावर गाडीचं पोट दगडावर खरवडलं. खाली वाकून पाहत विलास म्हणाला, "गाडी थोडी खाली हाये, ताई." जणू मी कमी उंचीची आणून त्याला फसवलं. ती खाली आहे म्हणूनच तुझी आई आत बसलीय, बाबा! पण हे मी मनात म्हटलं.

निघायच्या दिवशी माझी बॅग गाडीत ठेवली, चाकाची खुर्ची आणायला आत गेले. आई खाटेवर शांत बसली होती.

"आई, तुझी बॅग कुठाय?"

"मी नाही येत, बाई."

"काऊन?" इतक्या वर्षांनी तोंडातून घरचीच बोली निघाली.

"तिथं मी कोठी जाईन? तू म्हणशीन बागेत चाल. बागेत माह्या वळखीचं कोन हाये? दोन वर्सं मी हे भिंत पाहून राहिली होती. तीन दिसांत सौंसर पाह्यलं, पांढुर्णा पाह्यलं, बहीण भेटली."

"मग मी राहते अजून थोडे दिवस. फिरवते तुला."

"तू राहून काय करशीन?" ती अगदी सहज म्हणाली. "गाडी राहू दे."

माझं टाळकंच फिरलं. "म्हणजे 'येते' म्हणालीस ते गाडीसाठी?"

"यायचंच होतं मले. बसून पाह्यल्यावर मन फिरलं." मग खाली पाहत म्हणाली, "देवासमोर विलासचं नाव घेतलं, तवा तू बोलली नाहीस. मले वाटलं, तुले समजलं."

चावी विलासच्या खिशात होती. मागितली असती तर त्यानं दिली असती, तो वाईट नाही. कागदही माझ्याच नावावर आहेत. पण गाडी नेली की आई पुन्हा भिंतीकडं तोंड करून बसणार, आणि ते मी केलेलं असणार. मी मागितली नाही. संताप एवढा होता की निघताना पाया पडायचंही विसरले.

नागपूरची रेल्वे पकडायला विलास मला पांढुर्ण्याला सोडायला आला. आई मधल्या सीटवर, खिडकीशी, तिच्या शेजारी संत्र्याचे क्यारेट. पुढं विलासचा मेहुणा, त्याला तिकडं काम होतं. राहिली शेवटची रांग. तिथं मी, मांडीवर संत्र्यांची पिशवी. घेणाऱ्यांसाठी सांगते, त्या रांगेत मोठ्या माणसाचे गुडघे हनुवटीला लागतात. शोरूममध्ये मी सगळ्या सीटांवर बसून पाहिलं होतं, तेवढी सीट सोडून. स्टेशनवर आई उतरली नाही. दार सरकवून म्हणाली, "पोचली का फोन करजो."

नागपूरला गाडी बदलून दुसऱ्या दिवशी पुण्याला पोचले. आता ओळखीची माणसं विचारतात, कुटुंबासाठी ती गाडी कशी आहे? उत्तम आहे. दार सोपं, जागा भरपूर, म्हाताऱ्या माणसाला तर वरदान. आई सुखात आहे. मला आनंद व्हायला हवा, आणि मेला होत नाही.

घरी आल्याआल्या फोन केला. "आई, पोचले." "हो का," म्हणाली आणि दहा मिनिटं कुठं कुठं जाऊन आली ते सांगत राहिली. पूर्वी मी फोन ठेवायचं म्हटलं की ती काहीतरी विषय काढायची, भाजी काय केली, पाऊस आहे का, असं करत मला धरून ठेवायची. मी भाजीचं सांगायला लागले तर म्हणाली, "थांब वं, विलास हॉर्न वाजवून राहिला." आणि तिनंच आधी फोन ठेवला.